डाळिंबी ओळी

पिवळ्या लोकरीचा गोळा पिशवीतून कधी निसटला ते तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती दुकानाच्या पार आतल्या टोकाला, लॅपटॉपच्या रांगेसमोर उभी होती आणि मागून कुणीतरी म्हणत होतं, "अहो… जरा हलू नका हं. तुम्ही हललात तर मी पडेन."

तिनं मान वळवून पाहिलं. काचेच्या दारापासून तिच्या पिशवीपर्यंत एक पिवळा धागा आला होता. टेबलाच्या दोन पायांना वळसा घालून, प्रिंटरच्या खोक्यावरून आणि एका उंच, चष्मेवाल्या माणसाच्या बुटाभोवती दोन वेढे देऊन. तो माणूस बगळ्यासारखा एका पायावर उभा होता आणि दोन्ही हातांत कुणाचा तरी संगणक होता.

"अगं बाई! माफ करा… चेन उघडी राहिली वाटतं."

"असू दे, असू दे. सावकाश… घाई नाही." त्यानं संगणक खाली ठेवला, बूट सोडवला, दारापाशी जाऊन गोळा उचलला आणि धागा गुंडाळत गुंडाळत, वाटेतला एकेक टेबलाचा पाय सोडवत तिच्यापर्यंत आला. "घ्या. कुठं तुटलं नाही."

तिनं गोळा हातात घेऊन दाबून पाहिला आणि तिच्याच्यानं राहवेना. "चेंडू केलात की याचा! इतकं घट्ट नाही गुंडाळायचं. लोकरीचा जीव गुदमरतो."

"मग कसं?"

"दोन बोटं आत ठेवायची आणि वरून गुंडाळायचं. बोटं काढली की आत थोडी हवा राहते."

 अनोळखी माणसाशी ती कधी एवढं बोलत नसे. तो मात्र स्वतःच्या दोन बोटांकडे असा बघत होता, जणू ती आजच उगवली होती.

"बरं," तो म्हणाला, "तुम्ही मला लोकर शिकवलीत. आता मी काय दाखवू?"

"तेच तर ठरत नाहीये," ती हळूच म्हणाली. "टॅबलेट घेऊ… की लॅपटॉप?"

ठरत नव्हतं त्याला कारणही तसंच होतं. ती विणकामाचे नमुने तयार करायची. रोज सकाळी चहाच्या आधी दहा ओळी विणायच्या, हा तिचा नेम. ताप असो, पाहुणे असोत, दहा ओळी झाल्याशिवाय ती कपाला हात लावत नसे. त्या ओळींतूनच नवे नमुने निघत आणि ते ती चौकटींच्या कागदावर उतरवून ठेवी. अशा कागदांनी तिचा खण भरला होता, पण आजवर तिनं ते कुणाला दाखवले नव्हते. पोटासाठी ती लोकरीच्या एका कंपनीला दुसऱ्यांच्या नमुन्यांच्या कृती लिहून द्यायची. पहिली ओळ, दोन सुलट, दोन उलट. दुसरी ओळ… आणि असंच पुढं. घरातला जुना संगणक ते काम करता करता परवा गपकन बंद पडला, तो पडलाच.

आणि नेमकं तेव्हाच कंपनीच्या संपादकबाईंनी विचारलं होतं. वर्षभर दर महिन्याला एक पुस्तिका लिहून द्याल? काम कायमचं, सगळं टाइप करून हवं. की स्वतःच्या चाळीस नमुन्यांचं पुस्तक कराल? त्यातली चित्रं मात्र पडद्यावर, चौकट न् चौकट रेखून हवीत. पुस्तक चाललं तर चाललं. दोन्हीतलं एकच काम घ्या आणि पुढच्या शुक्रवारी दुपारच्या आत सांगा, रांगेत आणखी दोघी आहेत.

यंत्रही एकच परवडणार होतं. दादाचं म्हणणं सरळ होतं. "ठकू, लॅपटॉप घे. टॅबलेट म्हणजे खेळणं. चार दिवस बोटं फिरवशील आणि ठेवून देशील." लहानपणी चिंध्यांची बाहुली सोडून दुसरं काही खेळायची नाही, म्हणून घरात तिला ठकू म्हणत. आणि ठकू दादाचं सहसा ऐकत असे.

हे सगळं तिनं दुकानातल्या त्या माणसाला सांगितलं, अडखळत, अर्धं अर्धं. त्यानं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग तिच्यापुढं लॅपटॉप उघडला. तिनं दोन ओळी टाइप केल्या, मान डोलावली. "छान आहे. कळा मऊ आहेत."

मग त्यानं टॅबलेट ठेवला आणि हातात पेन दिलं. काचेवर चौकटी पसरल्या. तिनं एक चौकट भरली. मग तिच्या शेजारची. मग एक सोडून तिसरी… कालपासून डोक्यात घोळणारं पान होतं ते, मधली शीर वाकडी असलेलं. कागदावर खोडून खोडून भोक पडलं होतं. इथं चूक पुसली की जणू झालीच नव्हती. तिनं पान पुरं केलं, त्याला जोडीदार काढला, दोघांना एका देठावर बसवलं आणि वर पाहिलं.

घड्याळात पाऊण तास गेला होता. दरम्यान तीन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. तो काउंटरला टेकून तिच्याकडे… नाही, पडद्याकडेच बघत होता बहुतेक.

"मग?" तिनं विचारलं. "कुठला घेऊ?"

तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. पण मग त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आज नका घेऊ," तो म्हणाला. "आमच्याकडे एक नियम आहे. सात दिवसांची वही. घरी काम करताना जेव्हा जेव्हा यंत्राची गरज वाटेल, तेव्हा लिहून ठेवायचं. टाइप करायला हवं होतं की काढायला. सात दिवसांनी वही घेऊन यायचं. मग आपोआप कळतं. मध्ये काही शंका आली तर… केव्हाही या."

"लिहूनच ठेवायला हवं का?"

"म्हणजे?"

"विणून ठेवलं तर? टाइप करायचं असलं तर निळी ओळ. काढायचं असलं तर पिवळी."

त्याच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग हसू. "चालेल की. पळेल!"

बाहेर बारीक भुरभुर चालू होती. ती छत्री न उघडताच निम्मी गल्ली चालून गेली.

*

नेम म्हटला की ठकूला सोपं जाई. सोमवारी दोन निळ्या, एक पिवळी. मंगळवारी एक निळी, दोन पिवळ्या. सुया आणि त्या ओळींची पट्टी सतत तिच्या कमरेशी, पिशवीत.

बुधवारी तिला शंका आली की टॅबलेटच्या पेनचं टोक झिजतं का. ती विचारायला गेली.

"झिजतं," तो म्हणाला. "पण सावकाश."

"नवं बसवता येतं?"

"येतं. मी बसवून देईन. किती जोरात दाबता त्यावर आहे. दाखवा बरं हात." तिनं हात पुढं केला. त्यानं तिच्या बोटाला हात लावला नाही, नुसतं पाहिलं… सुईनं पडलेला घट्टा, जिथं रोजची ओळ टेकते तिथला. "तुमचं टोक वर्षभर टिकेल," तो म्हणाला. "तुम्ही दाबत नाही. धरता."

घरी येऊन तिनं पट्टी हातात घेतली आणि पंचाईत झाली. आज तिला यंत्राची आठवण झाली होती खरी. पण टाइप करायचं नव्हतं, काढायचंही नव्हतं. मग ही ओळ कुठल्या रंगाची? सोडून द्यावी म्हटलं तर नेम मोडतो. निळी घालावी तर खोटं होतं. शेवटी तिनं टोपली उपसली. तळाशी वहिनीच्या उसवलेल्या स्वेटरची लोकर होती, डाळिंबी रंगाची. तिनं एक ओळ त्या रंगाची घातली.

वहिनी शेंगा निवडत होती. तिचं लक्ष हातापेक्षा नणंदेकडे जास्त. "हा तिसरा रंग कसला गं?"

"किरकोळ," ठकू म्हणाली.

गुरुवारी किरकोळ शंका दोन आल्या. शनिवारी एक. दर वेळी तो एवढ्याशा प्रश्नाचं एवढं मोठं उत्तर द्यायचा आणि शेवटी तेच, 'सावकाश, घाई नाही.' एकदा त्यानं तिच्या हातून लोकर घेऊन दोन बोटं आत ठेवून गोळा करायचा प्रयत्न केला आणि स्वतःचीच बोटं आत बांधून घेतली. ती हसली तेव्हा तो म्हणाला, "हसा. तुम्ही पहिल्यांदा टाइप करताना माझ्याही तोंडावर हसू होतं, मी दाबलं होतं."

"काय चुकलं होतं माझं?"

"दोन बोटांनी टाइप करता. कोंबडी दाणे टिपते तसं."

"आणि तुम्ही आता कसे दिसताय? हात बांधलेल्या चोरासारखे."

"सोडवा मग."

तिनं सोडवलं. त्याला जरा वेळ लागला… तिनं लावला, खरं तर.

सोमवारी सात दिवस झाले. ती पट्टी घेऊन गेली, पण पिशवीतून बाहेर काढायचा धीर होईना. तोही म्हणाला नाही, दाखवा. म्हणाला, "रविवार धरायचा नसतो हं. उद्या या." मंगळवारी म्हणाला, "पहिला दिवस अर्धाच होता. तोही वजा." बुधवारी दुकानात गर्दी होती. त्यानं लांबूनच एक बोट दाखवलं. आणखी एक दिवस.

"काय म्हणतात तुझे सावकाशराव?" वहिनीनं विचारलं.

"वहिनी!"

"नाव तूच सांगितलं नाहीस, मग मीच ठेवलं. अगं, परवा शुक्रवार. त्या बाई थांबायच्या नाहीत. सावकाशराव थांबायला सांगतील आणि काम जाईल दुसरीच्या पदरात."

*

गुरुवारी ती गेली तेव्हा काउंटरवर तो नव्हता. एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई बिलं लावत बसली होती. ती दुकानाची मालकीण आणि त्याची मावशी.

"तो गोदामात गेलाय, संध्याकाळी येईल," मावशी म्हणाली. "मी सांगते, काय हवंय?"

"माझी वही… म्हणजे सात दिवस झाले. दहा झाले. तो नियम आहे ना तुमचा."

"कसला नियम?"

ठकूनं सांगितला. मावशीनं चष्मा कपाळावर चढवला. "सात दिवस? अगं बाळ, आमच्याकडे लोक सात मिनिटांत घेऊन जातात. असं घरी पाठवत बसले तर दुकान नको का बंद करायला? कुणी सांगितलं तुला?"

ठकूच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिनं नजर वळवली, रोजच्या टेबलाकडे. पेनचा टॅबलेट ठेवायचे ती जागा मोकळी होती.

"तो होय? सकाळीच विकला. त्या जातीतला शेवटचाच होता. पुढचा माल यायला महिना तरी." मावशीचा आवाज मऊ झाला. "तुला हवा होता का गं?"

"नाही," ती म्हणाली. तिच्या माहितीत आयुष्यातलं हे तिचं पहिलं धडधडीत खोटं.

घरी येऊन तिनं पट्टी टोपलीत टाकली, सुयांसकट. "मला बनवलं, वहिनी. नियम नव्हताच. मी वेड्यासारखी ओळ न् ओळ मोजून घालतेय आणि तो… आता टॅबलेटही गेला. दादा म्हणत होता तेच बरोबर. उद्या बाईंना सांगते, पुस्तिकाच लिहीन. लॅपटॉप काय, कुठंही मिळेल."

 वहिनीनं टोपलीतून पट्टी काढली, मांडीवर पसरली, बोटानं खालून वर मोजत गेली. वीतभरच झाली होती.

"ठकू, इकडं बस. ही निळी बघ. सोमवारी दोन, मंगळवारी एक. पहिल्या मंगळवारनंतर एक तरी निळी दाखव मला."

ठकूनं पाहिलं. नव्हती.

"म्हणजे तुला काय घ्यायचंय ते तिसऱ्या दिवशीच ठरलं होतं. पुढं सगळी पिवळी… आणि ही माझ्या स्वेटरची. एक, दोन, तीन… सात! तो एक खोटारडा, कबूल. पण तुझं ठरलेलं असताना तू आठ दिवस कुठली शंका विचारायला जात होतीस गं?"

ठकूनं पदरात… म्हणजे ओढणीत तोंड लपवलं.

"त्याच्यावर काय रागवायचं ते रागव," वहिनी म्हणाली. "पण त्याच्यावरच्या रागापायी तुझी पिवळी ओळ उसवू नकोस."

*

शुक्रवारी सकाळी दहा ओळी झाल्या. चहाचा कप तसाच ठेवून तिनं संपादकबाईंना फोन लावला. 

"मी चाळीस नमुन्यांचं पुस्तक करते."

"वा! पडद्यावर रेखायची सोय झाली का?"

"नाही झाली. होईल. महिना थांबावं लागलं तर आधी कागदावर पुरे करून ठेवीन. पण पुस्तकच करीन."

 "पहिले पाच नमुने महिनाअखेर पाठवा," बाई म्हणाल्या. "मी वाट बघत होते, तुम्ही कधी हे म्हणताय याची."

फोन ठेवला तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं, की आता कुणाशीही भांडता आलं असतं. भांडायला तिच्याकडे एकच माणूस होता. चहा कोमटच घशाखाली घालून, पट्टी घेऊन ती निघाली. रस्ता ओला होता, आभाळ मात्र धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ.

तो काउंटरमागं उभा होता. रात्रभर झोप नसल्यासारखा. तिला पाहताच त्याच्या हातातली बिलं खाली पडली.

"आलात!"

"भांडायला आलेय," ती अगदी हळू म्हणाली. तिला मोठ्यानं भांडता येतच नव्हतं. "सात दिवसांचा नियम तुमच्याकडे नाही."

"नाही."

"रविवार वजा, अर्धा दिवस वजा…"

"तेही नाही." त्यानं मान खाली घातली. "काल मावशीनं सांगितलं. मी आलो तेव्हा तुम्ही गेला होतात. तुमचं बिल झालं नव्हतं, त्यामुळं फोन नंबर नव्हता, पत्ता नव्हता. मग… लोकरीच्या दुकानांत गेलो. म्हटलं, तुम्हाला तिथं ओळखत असतील."

"कुठल्या?"

"तिन्ही. पण नुसतंच कसं विचारायचं? म्हणून प्रत्येक ठिकाणी थोडी लोकर घेतली." त्यानं खालून तीन गोळे काढून काउंटरवर ठेवले. राखाडी, राखाडी आणि राखाडी.

तिला हसू यायला नको होतं. आलं. "दुसरा रंग नव्हता?"

"मला रंगातलं कळत नाही. लडी दिली होती त्यांनी. गोळे मी केले."

तिनं एक उचलला, बोटांनी दाबला. मऊ होता. आत हवा होती. तीनही तसेच… रात्री बसून, दोन बोटं आत ठेवून केलेले. 

"आणि हे," तो म्हणाला. त्यानं एक बंद खोकं पुढं सरकवलं. टॅबलेट, पेनसकट. तोच. खोक्यावर चिठ्ठी होती, 'बाजूला ठेवलेला, विकायचा नाही' आणि खाली तारीख.

तिनं तारीख वाचली. परत वाचली. ती पहिल्या सोमवारची होती.

"टेबलावरचा विकला गेला. हा मी पहिल्याच दिवशी तुमच्यासाठी काढून ठेवला. मावशीला सांगायचं राहिलं."

"पहिल्याच दिवशी? पण तुम्ही तर म्हणालात, वही करा, मग कळेल…"

"मला कळलं होतं. लॅपटॉपला तुम्ही म्हणालात, छान आहे. टॅबलेट घेतल्यावर पाऊण तास काहीच म्हणाला नाहीत." त्यानं खोक्यावरची चिठ्ठी उगाच सरळ केली. "त्याच मिनिटाला सांगायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही खोकं घेऊन गेला असतात… आणि परत आला नसतात. शुक्रवारच्या आत द्यायचं पक्कं होतं, खरंच. काल देणार होतो. पण खोटं ते खोटंच. तुमचं काम गेलं असलं तर…"

"नाही गेलं. मी पुस्तकाला हो म्हटलं. टॅबलेट नसतानाच."

त्यानं श्वास सोडला. किती वेळ धरून ठेवला होता कोण जाणे.

मग तिनं पिशवीत हात घातला. इतके दिवस न निघालेली पट्टी आता निघाली. तिनं ती काउंटरवर उलगडली, त्याच्याकडे न बघता.

"ही वही. निळी म्हणजे टाइप. पिवळी म्हणजे…"

"माहीत आहे." त्याचं बोट वर वर सरकलं आणि थांबलं. "आणि ही? डाळिंबी?"

आत मावशीनं रेडिओ बारीक केला. मुद्दामच असेल.

"ज्या दिवशी काहीच काम नव्हतं," ठकू म्हणाली, "तरी इथं आले… ती ओळ. सोडली असती तर खोटं झालं असतं."

त्यानं मोजलं. एक, दोन, तीन… सात. मग परत पहिलीपासून. त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू त्याच रंगाच्या होत गेल्या.

"पहिली बुधवारची," तो पुटपुटला. "पेनचं टोक."

"हो. मलाही तेव्हाच कळलं होतं, कुठला घ्यायचा ते. म्हणजे… तुम्ही एकटेच खोटारडे नाही."

"मग भांडण?"

"झालं की आत्ता. एवढंच येतं मला."

तो हसला, पहिल्यांदाच न दाबता. "ही पट्टी… पुढं वाढवली तर मफलर होईल?"

"होईल. तुमच्या राखाडीची कड लावली तर बराही दिसेल. पण वेळ लागेल. रोज थोड्याच ओळी होतात."

"आज संध्याकाळी," तो म्हणाला, "तुमच्या घरी येऊ? तुमच्या दादांना, वहिनींना भेटायला. सात वाजता. नाही, सहा. दुकान मावशी बघेल. की पाचला…"

ठकूनं राखाडी गोळे एकेक करून पिशवीत ठेवले, खोकं उचललं आणि चेन नीट लावून घेतली.

"सावकाश," ती म्हणाली, ओठांतलं हसू ओठांतच धरून. "घाई नाही."

"आहे," तो म्हणाला. "आता आहे."